‘मी तिला जवळ घेऊ का?’ किरणोत्सर्गाच्या आपत्तीत लोकांशी काय बोलायचं, कसं बोलायचं

मृण्मयी_द (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९.४०

गेल्या महिन्यात एका रुग्णालयात किरणोत्सारी स्फोटाची रंगीत तालीम होती. कल्पना अशी, की गर्दीच्या जागी स्फोट झालाय, स्फोटकांत किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला होता, आणि जखमींच्या मागोमाग धडधाकट माणसंही तपासणीसाठी रांगेत येऊन उभी राहिली आहेत. मी समुपदेशक म्हणून होते. स्वयंसेवकांना भूमिका वाटून दिल्या होत्या. एका बाईंना आई केलं होतं आणि त्यांच्याच ७ वर्षांच्या मुलीला त्यांची मुलगी.

तंत्रज्ञ डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात. मास्क, दुहेरी हातमोजे. तो किरणोत्सार मोजणारा मीटर घेऊन मुलीच्या डोक्यापासून खाली येत होता. बुटांपाशी टिकटिक वाढली (आवाज मोबाइलवरून वाजवत होते, पण अंगावर काटा आलाच). तो म्हणाला, “बाळ, तू इकडे बाजूला उभी राहा.” मुलीने आईकडे हात पसरले. आईने आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, “मी तिला जवळ घेऊ का?”

हा प्रश्न आमच्या कागदावर नव्हता. आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघत राहिलो. शेवटी कुणीतरी म्हणालं, “थांबा हं, विचारून सांगतो.” तोवर मुलगी खरीखुरी रडायला लागली होती. तालीम थांबवावी लागली.

माझ्या हातात २७ पानी पुस्तिका होती. “नागरिकांनी घाबरून जाऊ नये” हे वाक्य तिच्यात तीनदा आलंय. माहिती देणाऱ्यांचं टेबल हॉलच्या एका टोकाला, मानसिक आधाराचं टेबल दुसऱ्या टोकाला, अशी रचनाही तिच्यातलीच. त्या दिवसापासून मला वाटतंय की घोटाळा या दोन टेबलांतच आहे. त्या आईला बरोबर उत्तर मिळालं असतं तर तीच माहिती होती आणि तोच आधार होता.

घरी येऊन मी ब्राझीलमधल्या गोयानियाच्या अपघाताबद्दल पुन्हा वाचलं. १९८७ चा सप्टेंबर. बंद पडलेल्या किरणोपचार केंद्रात सोडून दिलेलं यंत्र दोघांनी उचकटून भंगारात विकलं. आत सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ होता. अंधारात निळी चमकणारी ती पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली, अंगाला लावली, नातेवाइकांत वाटली. चार जण गेले, त्यांत एक ६ वर्षांची मुलगी. पुढे एका स्टेडियममध्ये सुमारे १ लाख १२ हजार लोक तपासले गेले, त्यांत २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम सापडलं. बाकीचे एक लाखाहून जास्त लोक काय घेऊन घरी गेले असतील, हा माझा प्रश्न आहे. त्या मुलीला शिशाचं अस्तर लावलेल्या शवपेटीतून दफनाला नेलं, तेव्हा जमावाने दगड मारले. आपल्या स्मशानभूमीत हे नको म्हणून. त्या राज्यातल्या लोकांना बाहेर हॉटेलात खोली मिळेना. “मी स्वच्छ आहे” असं सरकारी प्रमाणपत्र खिशात ठेवून माणसं फिरत होती.

इथे किरणोपचार, पत्रकारिता, आपत्ती व्यवस्थापन अशा क्षेत्रांतली मंडळी आहेत. मला आमच्या तालमीसाठी एक कार्ड लिहायचंय. एका हातात मावेल असं. त्याआधी तुमच्याकडून ऐकायचंय. आणि कृपा करून त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी द्या.

---

मापक | सोमवार, रात्री १०.२५

रुग्णालयात किरण सुरक्षेचं काम करतो. उत्तर आधी देतो: हो, घ्या जवळ. फक्त आधी बूट आणि वरचे कपडे काढून पिशवीत घालू.

आता का ते. लोकांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. किरण अंगावर पडणं ही एक. एक्स-रे काढून आलेल्या माणसाच्या अंगातून किरण निघत नाहीत, त्याला मिठी मारली म्हणून कुणाला काही होत नाही. किरणोत्सारी धूळ अंगावर बसणं ही दुसरी. ती चिखलासारखी वागते: बुटाला लागते, बाहीला लागते, हाताने तोंडात जाते आणि धुतली की निघते. नुसते वरचे कपडे आणि बूट काढले तरी सुमारे ८० ते ९० टक्के धूळ तिथेच उतरते. मग कोमट पाणी आणि साबण. त्वचा खरवडायची नाही, कारण ओरखड्यांतून धूळ आत जाते. केसांना शॅम्पू चालेल, कंडिशनर नको, तो धूळ केसांना धरून ठेवतो.

आणि समजा कपडे काढायच्या आधीच आईने मुलीला कवटाळलं, तरी काय होईल? थोडी धूळ आईच्या कपड्यांना लागेल. ते कपडेही पिशवीत जातील. एवढंच. अशा रुग्णाला हात लावणाऱ्या डॉक्टर-नर्सना सहसा नगण्य डोस (म्हणजे किरणोत्साराची मात्रा) मिळतो. म्हणून जिवावरची जखम असेल तर आधी जखम बघतात, मीटर नंतर.

चूक त्या तंत्रज्ञाची नाही, त्याला फक्त मीटर शिकवलाय. मी स्वतः पहिली कित्येक वर्षं आकडा मोठ्याने वाचून दाखवायचो आणि पुढच्या माणसाकडे वळायचो. ऐकणाऱ्याला आकडा कळला नाही हे माझ्या ध्यानातही यायचं नाही. आता मी मीटर आधी मोकळ्या हवेत धरतो, मग माझ्या स्वतःच्या हातावर, मग त्यांच्या हातावर. “काहीच नसताना एवढी टिकटिक असतेच” हे कानाने ऐकलं की खांदे खाली येतात.

---

उत्तरायण | सोमवार, रात्री ११.१०

मृण्मयीताई, अनुभव मनापासून लिहिलात. पण मी नियंत्रण कक्षात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

सगळं सगळ्यांना लगेच सांगायचं हे बोलायला बरं वाटतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुप्रकल्पाचं उदाहरण घ्या. १९७९ च्या २८ मार्चला अणुभट्टीचा गाभा काही अंशी वितळला. ३० तारखेला गव्हर्नर डिक थॉर्नबर्ग यांनी ५ मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रियांनी आणि शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांनी तेवढं बाहेर जावं असा सल्ला दिला. म्हणजे काही हजार लोक. निघाले किती? सुमारे १ लाख ४० हजार! रस्ते भरले. गोयानियातसुद्धा पहिल्या ६० हजार लोकांत सुमारे ५ हजार जणांना पुरळ, उलट्या, जुलाब अशी लक्षणं होती आणि अंगावर किरणोत्साराचा मागमूस नव्हता. म्हणजे नुसत्या बातमीने माणसं आजारी पडली. एकेक शब्द उच्चारायच्या आधी दहादा विचार करावा लागतो तो यासाठी. गप्प राहण्यामागे नेहमी लपवाछपवीच असते असं नाही.

---

मृण्मयी_द | मंगळवार, सकाळी ७.१५

मापक, तुमचं उत्तर छापून भिंतीवर लावलंय. स्वतःच्या हातावर आधी मीटर धरायची गोष्ट कार्डात येणार.

उत्तरायण, तुमचे आकडे मान्य. पण थ्री माइल आयलंडला लोक निघाले ते जास्त सांगितलं म्हणून निघाले असं मला वाटत नाही. पहिले दोन दिवस कंपनी एक सांगत होती आणि सरकारी अधिकारी दुसरं. ३० तारखेला सकाळी हेलिकॉप्टरने धुराड्याच्या अगदी वर मोजलेला १२०० मिलिरेमचा (हे डोसचं एक माप) आकडा वॉशिंग्टनला पोचला. तो प्रकल्पाबाहेरचा आहे असा समज झाला. लोकांना हलवा असा सल्ला आला, मग तो मागे घेतला गेला, मग घरात थांबा, मग गरोदर बायकांनी निघा. तुमच्या घरी ३ वर्षांचं मूल असतं तर तुम्ही ५ मैलांची रेघ बघत बसला असता का?

गोंधळ निवळला तो हॅरोल्ड डेंटन तिथे येऊन बसल्यावर. अणुनियामक आयोगाचा अभियंता. यापुढे तांत्रिक बाबतीत एकच माणूस बोलणार असं ठरलं. तो साध्या भाषेत बोलायचा आणि प्रश्न संपेपर्यंत उत्तरं द्यायचा. नंतर अपघाताची चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगानेही म्हटलं की त्या अपघाताचा आरोग्यावरचा सर्वात मोठा परिणाम मानसिक ताण हाच होता.

---

बातमीदार_जुना | मंगळवार, सकाळी ९.३०

एका कारखान्यातल्या वायुगळतीच्या वेळी मी बातमीदारी केली आहे. अधिकारी ६ तास खोलीचं दार लावून निवेदनातले शब्द जुळवत होते. बाहेर तोवर चार निरनिराळ्या ‘बातम्या’ तयार झाल्या होत्या, त्यांतली एक दुर्दैवाने आमच्याच वार्ताफलकावर गेली. अधिकारी बोलले नाहीत म्हणून लोक बोलायचे थांबत नाहीत.

सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुप्रकल्पाचं वेळापत्रक बघा. स्फोट २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे. शेजारच्या प्रिप्यातमध्ये सुमारे ४९ हजार लोक, त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी बसमध्ये बसवलं, तात्पुरतं जायचंय असं सांगून. २८ तारखेला सकाळी हजारेक किलोमीटर दूर स्वीडनच्या फोर्समार्क प्रकल्पात एका कामगाराच्या *बुटांनी* धोक्याची घंटा वाजवली, तेव्हा जगाला कळलं. (ताई, तुमच्या तालमीतले बूट वाचून हेच आठवलं.) त्या रात्री सोव्हिएत दूरचित्रवाणीवर चार-पाच वाक्यांची बातमी. गोर्बाचेव बोलले १४ मे रोजी. मधल्या काळात मुलं दूध पीत होती आणि दुधात किरणोत्सारी आयोडीन होतं. पुढे हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. “हे दूध पाजू नका” एवढं एक वाक्य पहिल्या आठवड्यात घरोघर पोचलं असतं तर त्यातले कित्येक टळले असते. उत्तरायणसाहेब, गप्प राहण्याचा हिशेब करताना हेही मांडा.

आता दहशतवादाचं. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या इझ्मायलोव्स्की बागेत सीझियम असलेलं पाकीट पुरलं आणि एका दूरचित्रवाहिनीला फोन करून जागा सांगितली. स्फोट नाही, कुणाला इजा नाही. त्यांना कॅमेराच हवा होता. अशा वेळी आम्ही पत्रकार त्यांच्या हातातलं शस्त्र होतो की लोकांच्या हातातली ढाल, ते आमच्या पहिल्या तासातल्या मथळ्यावर ठरतं.

चांगलं उदाहरणही देतो. २००६ साली लंडनमध्ये माजी रशियन गुप्तहेर अलेक्झांडर लित्विनेन्को यांचा पोलोनियम-२१० या किरणोत्सारी विषाने मृत्यू झाला. हॉटेलं, उपाहारगृहं, विमानं अशा ठिकाणी अंश सापडले. आरोग्य यंत्रणेने जागांची नावं आणि तारखा जाहीर केल्या आणि त्या दिवशी तिथे गेलेल्यांसाठी फोन क्रमांक दिला. इतरांना चाचणीची गरज नाही हेही कारणासकट सांगितलं: पोलोनियमचे अल्फा कण कातडीच्या आत शिरत नाहीत, पोटात किंवा श्वासात गेले तरच घात करतात. नंतर १००० लंडनकरांची पाहणी झाली, त्यांत स्वतःच्या आरोग्याला धोका आहे असं वाटणारे १२ टक्क्यांच्या आतच होते. हे कुणा एकाला मारण्यासाठी केलेलं हेरांचं काम आहे असं ज्यांना वाटलं ते निवांत होते, दहशतवादी हल्ला वाटला ते जास्त धास्तावलेले. त्यावरून मी एक शिकलो: काय झालं याइतकंच *कुणाला उद्देशून* झालं हे लोकांना कळायला हवं असतं.

---

निनाद | मंगळवार, दुपारी १.०५

मी कॅनडात ओंटारियोमध्ये होतो तेव्हाचं सांगतो. १२ जानेवारी २०२०, रविवार, सकाळी ७.२३. सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. पिकरिंग अणुप्रकल्पात घटना घडली आहे, बाहेर काही गेलेलं नाही, सध्या काही करायची गरज नाही, अशा अर्थाचा संदेश.

“काही करायची गरज नाही” हे वाचून बायको आणि मी पाच मिनिटं नुसते उभे होतो. मग तिने खिडक्या बंद केल्या. मग आंघोळीचे टब पाण्याने भरले. कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं, हात चालू ठेवायचे होते. धाकटा विचारत होता, “बाबा, आपण जायचंय का?” आणि माझ्याकडे हो नाही, नाहीही नाही.

तो संदेश चुकून गेला होता. फोनवर तसं कळायला १०८ मिनिटं लागली. पुढच्या दोन दिवसांत त्या प्रांतात आयोडीनच्या गोळ्यांसाठी ३२ हजारांहून जास्त मागण्या आल्या म्हणतात. आमची त्यात एक. मला लोक वेडे वाटत नाहीत. करायला काहीच दिलं नाही की माणूस काहीतरी शोधून काढतो.

---

पाऊलवाट | मंगळवार, रात्री ८.५०

मानसोपचार विभागात नर्स आहे. निनाद यांनी टबाचं लिहिलंय ते वाचून डोळे भरून आले. अशीच माणसं आमच्याकडे येतात.

उत्तरायण, त्या ५ हजार लोकांबद्दल “नुसत्या बातमीने आजारी पडले” असं म्हणालात, त्यावर मला बोलायलाच हवं. त्यांचं पुरळ खरं होतं. त्यांच्या उलट्या खऱ्या होत्या. भीती शरीरातूनच व्यक्त होते. आणि किरणोत्साराच्या आजाराची सुरुवातीची लक्षणंही मळमळ, उलटी, थकवा हीच असतात, त्यामुळे त्या माणसाने तशी शंका घेणं अगदी शहाणपणाचं आहे. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायू सोडला तेव्हा ५ हजारांहून जास्त लोक रुग्णालयांत धावले, बहुतेकांना गंभीर बाधा नव्हती. त्यांना “तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा” म्हणून वाटेला लावायचं, की १० मिनिटं बसवून, तपासून, “आत्ता काही सापडलं नाही, अमुक दिसलं तर परत या” असं सांगायचं? दुसऱ्या पद्धतीने गेलेला माणूस रात्री झोपतो.

“हे मनाचे खेळ आहेत” हे वाक्य मी आमच्या विभागात बंद केलंय.

आधार म्हणजे समोर बसवून “काय काय झालं ते सगळं सांगा” असं उकरणं, हा समज अजून पक्का आहे. पहिल्याच दिवशी एका बैठकीत सगळं वदवून घेण्याने पुढचा आघातजन्य ताण टळत नाही हे अभ्यासांतून दिसलंय, काहींना त्याने त्रासच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं मार्गदर्शन काढलं, त्याचा गाभा तीन क्रियांत येतो: बघा, ऐका, जोडून द्या. बोलायचं असेल तर ऐकायचं. नसेल तर पाणी द्यायचं, ब्लँकेट द्यायचं, घरच्यांना फोन लावून द्यायचा. २०२० मध्ये याच संघटनेने खास किरणोत्सारी आणि अणुआपत्तींसाठी मानसिक आधाराचा आराखडा काढला. मृण्मयीताई म्हणतात तेच त्यातही आहे, हे काम तपासणी, स्थलांतर, माहिती या प्रत्येक टप्प्यात मिसळलेलं असलं पाहिजे.

सर्वात जास्त जखमा मात्र नंतर होतात. चेर्नोबिलनंतर एकट्या ग्रीसमध्ये सुमारे २५०० हव्या असलेल्या गर्भधारणा थांबवल्या गेल्या असा अंदाज त्या वेळच्या अभ्यासात मांडलाय. तिथला डोस गर्भाला इजा करण्याच्या पातळीच्या आसपासही नव्हता. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, किंवा सांगायचं धैर्य झालं नाही. त्या बायकांचा विचार मी नेहमी करते. जपानमध्ये फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या २०११ च्या अपघातानंतर तिथून दुसरीकडे गेलेल्या मुलांना नव्या शाळेत चिडवलं गेलं. तिथल्या तरुण मुलींच्या मनात आपलं लग्न होईल का, मुलं धड होतील का ही धास्ती कितीतरी वर्षं राहिली.

---

शाळेतली_बाई | मंगळवार, रात्री ९.२०

एकच विचारते. अशी बातमी आली तर ४०० पालक माझ्या फाटकावर येणार. मुलं द्यायची की ठेवायची?

---

मापक | मंगळवार, रात्री ९.४५

बाई, पहिल्या काही तासांत बाहेर धूळ उडत असते, तेव्हा पक्क्या भिंतींची इमारत हीच चांगली जागा. मुलं आत, शक्यतो इमारतीच्या मधल्या खोल्यांत, खिडक्या-दारं बंद, बाहेरची हवा ओढणारे पंखे बंद. आत या, आतच थांबा, सूचना ऐकत राहा. फाटकावर आलेल्या पालकांनाही आतच घ्यायचं, परत पाठवायचं नाही.

पण पालक नुसत्या आदेशाने घरी थांबणार नाहीत, आणि का थांबावं? ‘शाळेत मुलं कोणत्या खोलीत असतील, त्यांच्याजवळ कोण असेल, तुम्हाला निरोप कुठून मिळेल’ हे आजच, काही घडलेलं नसताना, त्यांना माहीत असायला हवं. संकट आल्यावर सांगितलेलं निम्मं कानात शिरत नाही.

---

उत्तरायण | बुधवार, सकाळी ६.५५

पाऊलवाट, ते वाक्य मी मागे घेतो. रात्री बराच वेळ त्यावर विचार केला.

माझ्या बाजूनेही एक भर घालतो, कारण ती आमच्या खात्याची चूक आहे. “लोकांना हलवा” हा आदेश आम्हाला नेहमी सुरक्षित वाटतो. मार्च २०११ मध्ये फुकुशिमात तसा तो ठरला नाही. प्रकल्पाजवळच्या एका रुग्णालयातले आणि वृद्धाश्रमातले अंथरुणाला खिळलेले रुग्ण बसमध्ये घातले. तासन् तास प्रवास, बरोबर पुरेसे डॉक्टर नाहीत, औषधांच्या नोंदी नाहीत. सुमारे ५० जण त्या स्थलांतरात आणि त्यानंतरच्या दिवसांत दगावले. त्यांतलं कुणी किरणोत्साराने गेलं नाही. त्या प्रांतात आपत्तीच्या *नंतरच्या* हालअपेष्टांनी गेलेल्यांची अधिकृत नोंद २३०० च्या वर आहे.

दुसरं. हवेत किरणोत्सार कुठे पसरेल याचा अंदाज देणारी स्पीडी नावाची यंत्रणा जपानकडे होती. तिची चित्रं वेळेवर लोकांपर्यंत गेली नाहीत. नामिए गावचे लोक वायव्येला त्सुशिमाकडे गेले, आणि किरणोत्सारी ढगही तिकडेच गेला. माहिती अपुरी आहे, लोक घाबरतील, असं कुणाला तरी वाटलं असणार. मला ते वाटणं ओळखीचं आहे. त्या खुर्चीत मीही तेच केलं असतं, हे आज लिहिताना जड जातंय.

एक आग्रह मात्र सोडत नाही. हल्ला असेल तर पोलिस तपासातल्या काही गोष्टी बाहेर जाता कामा नयेत: पदार्थ कुठून आला, स्फोटक कसं बांधलं होतं. तिथे “हे तपासासाठी राखून ठेवलंय” असं सरळ सांगावं. “माहीत नाही” असं खोटं सांगू नये.

---

मृण्मयी_द | बुधवार, सकाळी ८.१०

पूर्ण मान्य. ‘सांगत नाही, आणि का सांगत नाही’ हेही सांगणंच आहे. उत्तरायण, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

---

सांजवात | बुधवार, दुपारी ३.३०

फुकुशिमा निघालंच आहे तर मला तिथली सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते.

सुरुवातीच्या दिवसांत तिथे सल्लागार म्हणून आलेल्या एका नामवंत डॉक्टरांनी सभेत सांगितलं होतं की हसतमुख माणसांना किरणोत्साराचा त्रास होत नाही. हेतू धीर देण्याचा असेल, पण त्या वाक्याने आयांच्या मनातून तज्ज्ञ उतरले ते उतरलेच. पुढे एप्रिलमध्ये शाळांसाठी वर्षाला २० मिलिसीव्हर्टची (हेही डोसचंच माप) मर्यादा लावली. सरकारचेच सल्लागार तोशिसो कोसाको यांनी ती लहान मुलांना लावणं पटत नाही म्हणून राजीनामा दिला, पत्रकार परिषदेत त्यांना रडू आवरलं नाही. तोच २० चा आकडा, पण तो पुस्तकात असतो तेव्हा वेगळा आणि आपल्या मुलाच्या मैदानावर लागू होतो तेव्हा वेगळा.

विश्वास परत आला तो थोडा थोडा, आणि मोजण्यातून. सुएत्सुगी नावाच्या खेड्यात गावकऱ्यांनी छोटे डोसमापक जवळ बाळगले. कोणत्या तासाला आकडा वाढला, तेव्हा मी शेतात होतो की घरात, हे त्यांनी स्वतःच ताडून पाहिलं. तज्ज्ञ शेजारी बसून प्रश्नांची उत्तरं द्यायचे, निर्णय गावकऱ्यांचा. कुणी शेती चालू ठेवली, कुणी गाव सोडलं. दोन्ही निर्णयांना मान होता.

आणि बेबीस्कॅन. भौतिकशास्त्रज्ञ र्युगो हायानो यांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये तान्ह्या बाळांच्या शरीरातला किरणोत्सार मोजणारं यंत्र तयार झालं. खरं तर आईला मोजलं तर बाळाबद्दल अंदाज येतो, कारण मोठ्यांच्या शरीरातून सीझियम हळू बाहेर पडतं आणि त्यांचं खाणंही जास्त. शास्त्राच्या दृष्टीने वेगळं यंत्र लागत नव्हतं. पण आया म्हणत होत्या, माझ्या बाळाला मोजा. मग बाळ आत आडवं होऊन खेळत राहील आणि आई त्याला बघू शकेल अशा गोल, मऊ आकाराचं यंत्र बनवलं. हजारो बाळं मोजली, कुणातही सीझियम सापडलं नाही. मोजून झाल्यावर आईला बसवून, कागद समोर ठेवून सविस्तर बोलायचे. माझ्या मते ते यंत्र त्या बोलण्यासाठीच होतं.

---

बातमीदार_जुना | बुधवार, संध्याकाळी ६.००

सांजवात, ही माहिती मला नव्हती. जपून ठेवतोय.

कार्डासाठी एक सुचवतो: अफवांसाठी जागा ठेवा. मार्च २०११ मध्ये फिलिपिन्समध्ये फोनवर फिरलेल्या खोट्या संदेशात गळ्याला बेटाडीन लावा असं होतं, मनिलाच्या एका विद्यापीठाने त्या भीतीने वर्ग सोडून दिले. चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मीठ पोत्यांनी घेतलं. नुसतं “अफवांवर विश्वास ठेवू नका” म्हणून भागत नाही. कोणती अफवा, ती का खोटी, आणि त्याऐवजी काय करायचं, हे तिन्ही एका दमात सांगायचं.

---

मृण्मयी_द | गुरुवार, रात्री ९.००

कार्डाचा पहिला मसुदा:

*“घाबरू नका, तुम्ही सुरक्षित आहात. तुमच्या कपड्यांवर धूळ असू शकते. बूट आणि वरचे कपडे काढून पिशवीत घाला, आम्ही दुसरे देतो. मग साबणाने अंघोळ. आयोडीनची गोळी मिळेल. मुलांना जवळ घेऊ शकता. काही विचारायचं असेल तर मानसिक आधार कक्षात जा.”*

तोडा-फोडा.

---

पाऊलवाट | गुरुवार, रात्री ९.१५

“घाबरू नका” काढा. घाबरलेल्या माणसाला ते ऐकलं की दोन ओझी होतात, एक भीतीचं आणि एक घाबरल्याबद्दलचं. “भीती वाटणं साहजिक आहे” म्हणा आणि लगेच हाताला काम द्या. “मानसिक आधार कक्ष” ही पाटीही नको, लोक तिथे पाऊल टाकत नाहीत. जो मीटर धरतो त्यालाच प्रश्न विचारता आला पाहिजे.

---

मापक | गुरुवार, रात्री ९.३०

“तुम्ही सुरक्षित आहात” हे मोजल्याशिवाय मी म्हणणार नाही. आयोडीनचं वाक्य तर काढाच. ती गोळी फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड वाचवते, अणुभट्टीच्या अपघातात उपयोगी. स्फोटात सीझियम किंवा कोबाल्ट असेल तर तिचा काही उपयोग नाही. सीझियम पोटात गेलं असेल तर प्रशियन ब्लू नावाचं औषध देतात, गोयानियात दिलं होतं, पण ते डॉक्टरच ठरवतील.

आणि मुलांचं वाक्य शेवटी कशाला ठेवलंत? ते सर्वात वर घ्या.

---

मृण्मयी_द | शुक्रवार, सकाळी ७.३०

हा पक्का मसुदा:

*“मुलांना जवळ घ्या, हात धरा, सोबत राहा. आम्ही तुम्हाला वेगळं करणार नाही.*

*भीती वाटणं साहजिक आहे. तुमच्या कपड्यांवर किरणोत्सारी धूळ असू शकते. ती धुऊन निघते. आधी बूट आणि वरचे कपडे या पिशवीत. त्याने बहुतेक धूळ जाते. मग कोमट पाणी आणि साबण, हळू हाताने. दुसरे कपडे इथे आहेत.*

*मग आम्ही मोजू. आधी माझ्या हातावर, मग तुमच्या. आवाज तुम्हीही ऐका. जे सापडेल ते सांगू, काय करायचं तेही सांगू.*

*स्फोटात काय होतं हे अजून कळलेलं नाही. दर तासाला इथेच येऊन नवी माहिती सांगू, नवीन काही नसलं तरी येऊ.*

*आयोडीनची गोळी आत्ता घेऊ नका. ती सगळ्या किरणोत्सारावर चालत नाही. लागली तर आम्ही देऊ.*

*तुम्हाला काय विचारायचंय?”*

शेवटच्या ओळीनंतर तंत्रज्ञाने थांबायचं आहे, उत्तर येईपर्यंत. तो सराव सर्वात कठीण जाणार असं दिसतंय. काल दोघांनी करून बघितला, दोघंही तीन सेकंदांत पुढच्या माणसाकडे वळले.

दोन्ही टेबलं एक करायला रुग्णालयाने होकार दिलाय. पुढची तालीम २० दिवसांनी आहे. त्याच माय-लेकी पुन्हा येणार आहेत, मी स्वतः जाऊन विचारून आले. मुलीने फक्त एकच विचारलं, पिशवीत घातलेले बूट परत मिळणार का. मापक, खऱ्या प्रसंगात काय सांगायचं हो तिला?

---

मापक | शुक्रवार, सकाळी ८.०५

खरं सांगायचं. “मोजून बघू. धूळ निघाली तर परत देऊ, नाही निघाली तर ते बूट देता येणार नाहीत, आत्ता पायात घालायला हे घे.” मी घरून लहान मापाच्या चपलांचे दोन-तीन जोड घेऊन येतो.